यंत्रासाठी लिहिलेले माहितीपत्रक

नागपूर शहराच्या जुन्या वस्तीत महाल नावाचा भाग आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा दरबार याच भागात भरत असे. देवळे, वाडे, बाजार आणि अरुंद गल्ल्या यांनी गजबजलेल्या या वस्तीत चिटणवीसांचा जुना वाडा आहे. चिटणीस किंवा चिटणवीस म्हणजे राज्याचा पत्रलेखक. धन्याच्या मनातील गोष्ट दूरच्या माणसाला कागदावरून अशी कळवावयाची की, वाचणाऱ्यास पुन्हा काही विचारण्याची गरज पडू नये, हे त्याचे काम. नागपूरचे पत्र घोडेस्वाराने किंवा जासुदाने पुण्यास पोहोचविण्यास कित्येक दिवस लागत. पत्रात एखादी गोष्ट संदिग्ध राहिली, तर तिचा खुलासा येईपर्यंत मोहिमेची वेळ टळून जाई.

असे असूनही त्या काळच्या मराठी पत्रांत एक उणीव वारंवार आढळते. पुष्कळ पत्रांच्या शेवटी चंद्र आणि मुसलमानी महिना एवढीच मिती असते. वर्ष लिहिलेले नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू वर्ष ठाऊकच होते, मग ते लिहावयाचे कशाला? परंतु दोनशे वर्षांनंतर तेच पत्र इतिहास-संशोधकाच्या हाती येते, तेव्हा त्याला मोठा पेच पडतो. मुसलमानी वर्ष आपल्या ऋतुवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून त्यातील प्रत्येक महिना सुमारे तेहेतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. पत्रात ‘पर्जन्य फार झाला, नदीस उतार नाही’ अशा अर्थाचे वाक्य सापडले, तर तो महिना पावसाळ्यात कोणकोणत्या वर्षी आला होता हे गणित करून संशोधक वर्ष ठरवितो. जे वाक्य सहज लिहिले गेले ते उपयोगी पडते आणि जे लिहिण्याची गरज वाटली नाही त्याचाच शोध घेत बसावे लागते.

आज त्याच महालात एका निराळ्या वाचकासाठी पत्रे लिहिण्याची वेळ आली आहे. हा वाचक माणूस नाही. तो संगणकावर चालणारा, कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेला एक कामकरी आहे. त्याला एजंट असे म्हणतात. रेल्वेच्या तिकिटाची व्यवस्था करणारा किंवा घर भाड्याने मिळवून देणारा एजंट आपणांस परिचित असतो. आपण त्याला काम सांगतो आणि ते कसे करावयाचे हे तो ठरवितो. हा नवा एजंटही तसाच. मात्र त्याला डोळे, हात आणि पाय नाहीत. विमानाचे भाडे पाहावयाचे असेल, तर त्याला भाडे सांगणारे एक साधन द्यावे लागते; आणि ते साधन काय करते, त्याला काय विचारावे, ते काय उत्तर देते, हे सर्व एका माहितीपत्रकात लिहून द्यावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाचा एक खुला संकेत प्रसिद्ध केला. त्यात अशा प्रत्येक साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला द्यावयाच्या माहितीचा साचा यांची नोंद कशी करावी हे ठरवून दिले आहे. साचा ठरला तरी त्यात लिहावयाचा मजकूर माणसालाच लिहावा लागतो, आणि घोटाळा होतो तो तेथेच.

समजा, बडकस चौकाजवळच्या एका वाड्यात एक आजीबाई राहतात. त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे पुण्यास असतात. दिवाळीस सर्वांनी नागपूरला यावे, अशी आजीबाईंची इच्छा आहे. विदर्भातून नोकरीसाठी पुण्यास गेलेली कुटुंबे फार. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास रेल्वेत जागा मिळत नाही, खाजगी बसचे भाडे वाढते आणि विमानाचे तर विचारावयासच नको. आजीबाईंनी आपल्या निवृत्तिवेतनातून अठरा हजार रुपये बाजूस ठेवले आहेत. चार माणसांचे एका वाटेचे भाडे त्यात बसले, म्हणजेच माणशी साडेचार हजारांवर गेले नाही, तर सर्वजण विमानाने येतील. नाही तर येणे रहित होईल. महाविद्यालयात शिकणारा धाकटा मुलगा आईला म्हणतो, “आई, तू रोज चौकशी करीत बसू नकोस. मी एक एजंट नेमतो. तो दर तीन तासांनी भाडे पाहील आणि ते साडेचार हजारांच्या आत आले की आपल्याला कळवील.”

भाडे इतक्या वेळा पाहण्याचे कारण काय, असा प्रश्न येथे सहज उत्पन्न होईल. एस. टी.च्या गाडीचे भाडे सकाळी एक आणि दुपारी दुसरे असे नसते. विमानाचे मात्र तसे असते. पूर्वी आपल्या देशात तसे नव्हते. १९५३ च्या कायद्याने देशातील विमानवाहतूक दोन सरकारी महामंडळांकडे आली होती. तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला, खाजगी कंपन्यांना मार्ग मोकळा झाला आणि भाडी स्पर्धेने ठरू लागली. एकाच विमानातील एकसारख्या खुर्च्यांचे कंपनी मनाशी अनेक गट पाडते. पहिल्या गटातील थोड्या खुर्च्या स्वस्त, पुढच्या गटातील त्याहून महाग, याप्रमाणे चढती पायरी असते. स्वस्त खुर्च्या संपल्या की भाडे एक पायरी चढते. मागणी मंदावलेली दिसली, तर कंपनी खालच्या गटात पुन्हा काही खुर्च्या घालते आणि भाडे उतरते. म्हणून रात्री पाहिलेले भाडे पहाटे तेच असेल, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

आता धाकट्या मुलाला मिळालेले माहितीपत्रक पाहू. त्यात आरंभी लिहिले आहे : ‘हे भाडे पाहण्याचे जगातील सर्वोत्कृष्ट साधन आहे. ते नेहमी अचूक असते.’ पुढे : ‘निघण्याचे ठिकाण, पोहोचण्याचे ठिकाण आणि तारीख द्या. उत्तरात भाडे मिळेल.’ एवढेच. माणसाने वाचले तर त्याला यात वावगे काही वाटणार नाही. परंतु परीक्षकाने त्यावर लाल पेन्सिल घेऊन बसावे, असे हे पत्रक आहे.

पहिली दोन वाक्ये प्रथम खोडावी लागतील. ती जाहिरातीची वाक्ये होत. माणूस दुकानावरील पाटी वाचून मनात हसतो आणि पुढे जातो; यंत्र मात्र ‘नेहमी अचूक’ हे शब्द खरे मानण्याचा संभव असतो. मग साधनाने दिलेले भाडे सहा तासांपूर्वीचे असले, तरी एजंट ते ताजे समजून कळवील. त्या जागी साधन भाडे कोठून घेते आणि घेतलेले भाडे किती वेळ जपून ठेवते, हे लिहिले पाहिजे.

‘ठिकाण द्या’ म्हणजे काय द्यावयाचे? शहराचे नाव की विमानतळाचे? प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरांचे एक सांकेतिक नाव असते. नागपूरचे एन-ए-जी, हे ओळखू येण्यासारखे आहे. पुण्याचे पी-एन-क्यू आणि चेन्नईचे एम-ए-ए, ही मात्र कल्पनेने सुचणारी नव्हेत. शिवाय आता काही ठिकाणी एका नावाखाली दोन विमानतळ आहेत. गोव्यात दाबोळीचा विमानतळ जुना. जानेवारी २०२३ पासून मोपा येथूनही विमाने उडू लागली. मुंबईस सांताक्रूझचा विमानतळ होताच, डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला. ‘गोवा’ असे विचारले असता साधन दोन्ही पाहते की एकच, हे पत्रकात नसेल, तर स्वस्त भाड्याच्या आनंदात प्रवासी भलत्याच टोकाला जाऊन उतरेल. दाबोळी दक्षिण गोव्यात आहे आणि मोपा उत्तर सीमेजवळ.

तारखेचा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. ०५/११ असे लिहिले तर आपण पाच नोव्हेंबर वाचतो. अमेरिकेत तेच अकरा मे असे वाचतात. पत्रकात तारखेची रीत सांगितलेली नसेल आणि साधन अमेरिकेच्या रीतीने घडविलेले असेल, तर एजंट दिवाळीचे म्हणून मे महिन्यातील भाडे आणून दाखवील. ते कमी दिसेल, घरात आनंद होईल, आणि चूक कोणाच्या ध्यानातही येणार नाही. येथे संगणकाने कोठेही नापास झाल्याचे चिन्ह दाखविलेले नसते. हीच या चुकीतील भीती. यावरील उपाय जुनाच आहे : प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस, असे चार, दोन आणि दोन अंकांत लिहावे. चिटणिसाच्या पत्रात जे वर्ष गळत असे, तेच येथे सर्वांत आधी येते.

वेळेचेही असेच आहे. जगातील संगणक पुष्कळदा ग्रिनिचच्या वेळेशी जुळणाऱ्या जागतिक वेळेने नोंदी ठेवतात आणि भारताची प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. नागपूरहून १६ तारखेच्या रात्री साडेबारा वाजता निघणारे विमान जागतिक वेळेने १५ तारखेच्या सायंकाळी सात वाजता निघते. कोणती वेळ दिली आहे हे पत्रक सांगत नसेल, तर एजंट प्रवाशाला साडेपाच तास आधी विमानतळावर बसवून ठेवील. उलट दिशेने चूक झाली, तर विमान निघून गेल्यावर प्रवासी तेथे पोहोचेल. मध्यरात्र ही नागपूरच्या विमानतळाची जुनी ओळख आहे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांची विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, आपापल्या टपालाची अदलाबदल करीत आणि पहाटेच्या आत परत फिरत. थैलीवरील नाव वाचूनच ती कोणत्या विमानात चढवावयाची हे ठरे. आत काय लिहिले आहे ते पाहण्यास तेथे कोणास सवड होती?

पैशांविषयी पत्रक केवळ ‘भाडे मिळेल’ असे म्हणते. कोणत्या चलनात? काही साधने रुपयांत उत्तर न देता पैशांत देतात, कारण पूर्णांकांत हिशेब चुकत नाही. चार हजार दोनशे रुपयांचे भाडे मग ४२०००० असे येईल आणि एजंटाला ते चार लाख वीस हजार वाटेल. ही चूक निदान चटकन लक्षात येते. भाड्यात कर व विमानतळाचे शुल्क धरले आहे की नाही, ही चूक लक्षात येत नाही. मूळ भाडे साडेचार हजारांच्या आत असते, सूचना येते, आणि पैसे भरण्याच्या वेळी आकडा वर सरकतो. आजीबाईंच्या अठरा हजारांत तेवढी फट नाही.

प्रवाशांच्या संख्येचा तर पत्रकात उल्लेखच नाही. न सांगितल्यास साधन एका माणसाचे भाडे पाहते असे समजा. सर्वांत स्वस्त गटात दोनच खुर्च्या शिल्लक आहेत. एकाचे भाडे विचारले असता साधन खरेच उत्तर देईल : चार हजार दोनशे. परंतु चौघांची तिकिटे एकत्र काढावयास गेले, तर चौघांनाही वरच्या गटाचे भाडे लागणे हा पुष्कळ ठिकाणचा प्रघात आहे. म्हणजे उत्तर खरे, आणि तरीही या कुटुंबाच्या उपयोगाचे नाही.

इतके दोष वाचूनच सापडतात. परंतु वाचणारा परीक्षक कितीही दक्ष असला, तरी तो माणूस आहे. पत्रकात नसलेली गोष्ट तो स्वतःच्या ज्ञानाने भरून काढतो आणि आपण ती भरली हे त्याला कळतही नाही. म्हणून दुसरी परीक्षा घ्यावी लागते. वीस-पंचवीस प्रश्न तयार करावयाचे. प्रत्येक प्रश्नाला एजंटाने काय करावयास हवे, हे आधी कागदावर लिहून ठेवावयाचे. नंतर लिहिले तर परीक्षकाचे मन आलेल्या उत्तराकडे झुकते. काही प्रश्न सरळ असावेत. काहींत एखादी गोष्ट मुद्दाम गाळलेली असावी. काही तर असे असावेत की, त्यांसाठी हे साधन वापरणेच चूक ठरेल. ‘पुण्याची गाडी अजनी स्थानकावरून किती वाजता सुटते?’ हा प्रश्न ऐकून एजंट विमानाचे भाडे पाहू लागला, तर साधनाची मर्यादा पत्रकात नीट लिहिलेली नाही असे समजावे. प्रत्येक प्रश्न एकदाच विचारून भागत नाही. हे यंत्र घड्याळासारखे नाही. त्याच प्रश्नाला ते आज एका तऱ्हेने आणि उद्या किंचित निराळ्या तऱ्हेने वागते. पाच वेळा विचारून चार वेळा बरोबर आले, तर पाचव्या वेळी त्याने कोणते वाक्य चुकीचे समजून घेतले, ते शोधावयाचे. आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच वाक्य बदलावयाचे. नाही तर गुण कोणत्या औषधाने आला ते कळत नाही.

अशा परीक्षेतच सर्वांत घातक दोष उघडकीस येतो. समजा, परीक्षकाने असा दिवस निवडला की, त्या दिवसाच्या सर्व खुर्च्या विकल्या गेल्या आहेत. साधनाने उत्तर दिले : ०. साधन बनविणाऱ्याच्या मनात शून्याचा अर्थ ‘खुर्ची शिल्लक नाही’ असा होता. पत्रकात मात्र ‘उत्तरात भाडे मिळेल’ एवढेच होते. एजंटाने हिशेब केला. शून्य साडेचार हजारांहून कमी आहे. त्याने तत्काळ कळविले : भाडे उतरले आहे, तिकिटे आता घ्यावी! एजंटाचे गणित चुकलेले नाही, साधनही आपल्या रीतीने खरे बोलले. ‘काही नाही’ आणि ‘शून्य’ यांतील भेद सांगणारी एक ओळ तेवढी कोणी लिहिली नव्हती. साधन बंद पडले असता काय उत्तर येते, उत्तर येण्यास उशीर झाल्यास पुन्हा विचारावे की थांबावे, याही ओळी तितक्याच अगत्याच्या. केवळ भाडे पाहावयाचे असेल, तर दोनदा विचारल्याने काही बिघडत नाही. तेच साधन तिकीटही काढीत असेल, तर उत्तर आले नाही म्हणून एजंट पुन्हा मागणी करील आणि चौघांची आठ तिकिटे होतील.

पत्रकाने आणखी एका बाबतीत प्रामाणिक असले पाहिजे. भाड्यावर लक्ष ठेवणे निराळे आणि पुढचे भाडे ओळखणे निराळे. दुसरे काम अशक्य आहे असे नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे ओरेन एट्झिओनी आणि त्यांचे सहकारी यांनी ४१ दिवसांत बारा हजारांहून अधिक भाड्यांच्या नोंदी जमविल्या आणि तिकीट आज घ्यावे की थांबावे, हे संगणकाला त्या नोंदींवरून शिकविले. त्यांचा हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यातून फेअरकास्ट नावाची कंपनी निघाली आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. परंतु तो अंदाज होता, आणि अंदाज चुकूही शकतो. आपल्या पत्रकातील साधन अंदाज करीत नसेल, तर ‘हे साधन केवळ या क्षणाचे भाडे सांगते, उद्या ते वाढेल की उतरेल हे सांगत नाही’ असे त्यात स्पष्ट लिहावे. नाही तर ‘थांबू का?’ असे आजीबाईंनी विचारले असता एजंट साधनाच्या नावावर स्वतःचाच तर्क सांगून मोकळा होईल.

एवढे सर्व घालावयाचे तर पत्रक पोथीएवढे होईल, अशी शंका कोणी घेईल. ती शंका अगदीच अनाठायी नाही. लांबलचक पत्रकातील महत्त्वाची ओळ यंत्राच्याही नजरेतून निसटते. परंतु वर खोडलेली दोन वाक्ये आणि नव्याने लिहावयाची आठ-दहा वाक्ये यांचा हिशेब केला, तर पत्रक एका पानाबाहेर जात नाही. शून्याच्या ओळीला सात-आठ शब्द पुरतात. जी गोष्ट यंत्राला सांगितल्याशिवाय कळणार नाही ती लिहावी आणि बाकीची सोडावी. यांपैकी कोणती कोणत्या बाजूस जाते, हे वीस प्रश्नांची परीक्षाच दाखवून देते.

दुरुस्त केलेले पत्रक घेऊन धाकटा मुलगा पुन्हा प्रयोगास बसतो. आजीबाई जवळच दिव्याच्या वाती वळीत आहेत. तो एजंटाला मुद्दाम तेच पहिले, अर्धवट वाक्य सांगतो : “दिवाळीसाठी पुण्याहून नागपूरचे भाडे पाहत राहा आणि साडेचार हजारांच्या आत आले की कळव.” पूर्वी हे वाक्य ऐकताच एजंट कामास लागला होता. या वेळी तो थांबतो आणि पडद्यावर तीन प्रश्न उमटतात : प्रवासाची तारीख कोणती? प्रवासी किती? साडेचार हजार हे करांसह माणशी, की चौघांचे मिळून?

आजीबाई चष्मा लावून ते वाचतात आणि म्हणतात, “अरे, तारीख तर मीही त्यांना अजून विचारलेली नाही. थांब, आधी पुण्याला फोन लाव.”